जुनी स्पोर्ट्स कार रॅलीला काढताय? गादी आधी ठरवा, पण शिवा शेवटी

जुनी स्पोर्ट्स कार हातात आली की माणूस पहिल्यांदा काय करतो, तर सीटा नवीन करायला टाकतो, कारण तेच डोळ्यात भरतं आणि फोटोतही तेच छान येतं. मीही तेच केलं होतं. टॅन रंगाचं लेदर, चौकटीची शिवण, नवंकोरं कार्पेट, आणि मग तीन महिन्यांनी डोक्यात रॅलीचं खूळ शिरलं. केजच्या, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याच्या, वेल्डिंगसाठी सगळं कार्पेट उपटावं लागलं, एक ठिणगी लेदरवर पडली ती पडलीच, आणि शेवटी बकेट सीट, म्हणजे उंच कडांची शर्यतीची सीट, बसवल्यावर त्या सुंदर सीटा माळ्यावर गेल्या ते वेगळंच. म्हणून आधी क्रमाचं बोलू. गादीचं कापड शेवटी शिवायचं, पण बसणार कसं, पट्टे कुठून येणार, पाय कुठे टेकणार हे पहिल्याच दिवशी ठरवायचं, कारण केज, वायरिंग, पेट्रोलचा पाइप सगळं त्याच्याभोवती जातं.

त्याच्याही आधी कुठली रॅली ते ठरवा. क्लासिक रॅली या एका नावाखाली अगदी वेगळे खेळ चालतात. रेग्युलॅरिटी म्हणजे उघड्या रस्त्यावर ठरवून दिलेला सरासरी वेग सेकंदाच्या हिशोबाने पाळायचा, लवकर पोचलात तरी दंड, उशीर झाला तरी दंड, आणि वेळ कुठे मोजणार ते आधी सांगत नाहीत. सरासरी बहुतेक वेळा ताशी ५० किमीच्या आतबाहेर असते, ऐकायला पोरखेळ वाटतो, पण अनोळखी वळणांच्या रस्त्यावर रात्री दर किलोमीटरला ती राखून दाखवा मग बोलू. स्टेज रॅलीत रस्ता बंद केलेला असतो आणि सरळसरळ घड्याळाशी शर्यत, तिथे केज, मान्यताप्राप्त सीट, हार्नेस (खांद्यांवरून आणि कमरेवरून बांधायचे पट्टे), हेल्मेट, आगीत टिकणारे कपडे सगळं सक्तीचं. आणि तिसरा लांब पल्ल्याचा प्रकार, १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीच्या धाटणीचा, जिथे गाडी कित्येक दिवस खराब रस्त्यांवर नुसती चालती राहिली पाहिजे.

तिन्हींसाठी गाडी वेगवेगळी तयार होते. ऐतिहासिक गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना एफआयएचं, म्हणजे मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, अपेंडिक्स के हे नियमपुस्तक लागू होतं आणि गाडीचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट, म्हणजे तिची तांत्रिक ओळख सांगणारा कागद, काढावा लागतो. त्यात ढोबळ तत्त्व असं की त्या गाडीला तिच्या काळात जे भाग अधिकृत होते तेच चालतील. म्हणजे तुम्ही हौसेने ब्रेकच्या मोठ्या डिस्क घातल्या आणि तपासणीला गेलात तर तिथेच खेळ खल्लास. आधी नियमांचं पुस्तक वाचा, मग पाकिटाला हात घाला.

इंजिनाची ताकद वाढवायचा मोह मात्र आवरा. १९७२ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत इटालियन ड्रायव्हर सांद्रो मुनारीने लॅन्सिया फुल्व्हियात बसून पोर्शे ९११ आणि अल्पिन ए११० सारख्या जास्त दमदार गाड्यांना मागे टाकलं होतं. इंजिन निरोगी करा, कॉम्प्रेशन तपासा, टायमिंगची चेन आणि वॉटर पंप बदला, आणि तिथेच थांबा.

आता गाडी आतून पूर्ण उघडी करायची. सीटा, कार्पेट, डोअर पॅड, छताचं कापड, सगळं. काढताना फोटो काढा आणि प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत चिठ्ठी टाकून ठेवा, नाहीतर चार महिन्यांनी हातात एक डबा स्क्रू आणि कपाळावर हात. उघड्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो. सीटचे पाय जिथे बसतात ती जागा, पट्ट्यांचे बोल्ट, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोकं जिथे अडकवलेली असतात तिथे विशेष बघा. गंजलेल्या पत्र्यावर महागडा केज बोल्ट केला तर अपघातात केज शाबूत राहील आणि गाडीची जमीन फाडून बाहेर येईल.

केजबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. एफआयएच्या आजच्या नियमात मुख्य कमानीची (सीटांमागच्या उभ्या कमानीची) नळी ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाड, किंवा ५० मिमीची आणि २ मिमी जाड लागते, कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढून काढलेल्या, बिनजोड) कार्बन स्टीलची. बोल्टवाला केज असेल तर प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौ. सेमीची प्लेट आणि कमीत कमी तीन एम८ (८ मिमीचे) बोल्ट, ८.८ ग्रेडच्या मजबुतीचे. पाण्याच्या पाइपाचे शोभेचे केज मिळतात ते घेऊ नका. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. रेग्युलॅरिटीत हेल्मेट नसतं, आणि छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये पूर्ण केजच्या पुढच्या नळ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर येतात, मग साध्या धक्क्यातही कपाळमोक्ष. अशा वेळी फक्त मागची अर्धी कमान बरी. पूर्ण केज घालायचाच असेल तर नळ्यांवर नियमातलं कडक पॅडिंग लावा, पाण्याच्या पाइपावर चढवतात तो मऊ फोम कामाचा नाही.

कमान बसली की लगेच सीटा ठेवून बघा, ड्रायव्हर आणि वाट-वेळ सांगणारा नेव्हिगेटर दोघांनीही बसून, हेल्मेट लागणार असेल तर हेल्मेट घालून. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपेक्षा साधारण १० अंश खाली उतरावेत, फार तर ४५. त्याहून तिरके खाली गेले तर अपघातात पाठीचा कणा दाबला जातो. कमरेचा पट्टा पोटावर अजिबात नको, तो खाली ओटीपोटाच्या हाडांवर बसला पाहिजे. एफआयए मान्यतेच्या सीटवर आणि पट्ट्यांवर तारखेचं लेबल असतं, पट्ट्यांचं आयुष्य पाच वर्षं आणि साध्या ८८५५-१९९९ मान्यतेच्या सीटचंही पाच धरतात. सेकंडहँड स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारण्याआधी लेबल वाचा.

मग पेट्रोल आणि वीज, रॅलीत गाड्या जास्त करून इथेच बंद पडतात.

जुने रबरी पाइप आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आतून फुगतात आणि भुगा होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे पाइप आर९ दर्जाचे, म्हणजे इथेनॉल सोसणारे, घ्या, क्लिपा नव्या घ्या. गाडीच्या पोटाखालून जाणारी लाइन दगडाने चेपते, म्हणून रॅलीच्या गाड्यांत पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन आतून नेतात, मात्र आतल्या पेट्रोलच्या लाइनला मध्ये जोड नको, अखंड धातूची नळी हवी. यासाठीच म्हणतो की कार्पेट आधी नको. इलेक्ट्रिक पंप लावत असाल तर सोबत इनर्शिया स्विच लावा, म्हणजे धडक बसली की पंप आपोआप बंद.

विजेचा हिशोब कागदावर करा. दोन हेडलाइट ५५ वॅटचे आणि दोन जादाचे दिवे १०० वॅटचे धरले तर ३१० वॅट झाले, १२ व्होल्टला जवळजवळ २६ अँपिअर. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत असलेला लुकास सी४० डायनामो (वीज बनवणारं जुनं यंत्र) जीव तोडून २२ देतो. त्यात पाऊस आला, वायपर लागला, हीटरचा पंखा लागला की बॅटरी संपत जाते आणि पहाटे तीनला डोंगरात गाडी गप्प. म्हणून नियमात बसत असेल तर डायनामोच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर घाला. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, त्याला आधी निगेटिव्ह करावं लागतं, नाहीतर पहिल्याच क्षणाला नव्या अल्टरनेटरचा धूर निघेल. प्रत्येक दिव्याच्या जोडीला वेगळा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज द्या. त्या काळात अख्ख्या गाडीला दोन-चार फ्यूज असायचे, म्हणजे एका वायपरमुळे निम्मी गाडी आंधळी.

किल स्विचमध्ये, म्हणजे अडचणीत गाडीची सगळी वीज एका झटक्यात तोडणाऱ्या स्विचमध्ये, सगळ्यात जास्त लोक फसतात. नुसती बॅटरी तोडणारा दोन टोकांचा स्विच लावला आणि गाडीत अल्टरनेटर असेल तर स्विच बंद केल्यावरही इंजिन आरामात चालू राहतं, कारण इग्निशनला करंट अल्टरनेटर देत असतो. सहा टोकांचा घ्या, जो इग्निशनही तोडतो आणि अल्टरनेटरचा उरलेला करंट रेझिस्टरमधून जिरवतो. लावल्यावर इंजिन चालू ठेवून स्विच फिरवून बघा. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी कितीतरी या साध्या परीक्षेत नापास.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंत तर उत्तमच, फक्त जुना पॉइंट आणि कंडेन्सरचा (ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यांत्रिक जोडीचा) सेट पिशवीत ठेवा. पॉइंट खराब झाला तर घासून चालतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं की गेलं, मग टोचन लावून घरी.

ब्रेकमध्ये नवं ऑइल हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओल शोषून घेतली की हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि लांब उतारावर तो गाठायला फार वेळ लागत नाही, पॅडल सरळ जमिनीला टेकतं. थंड ठेवायला जाड रेडिएटर, आणि इलेक्ट्रिक पंख्याला हाताने चालू करायचा वेगळा स्विच, कारण थर्मोस्टॅटचा सेन्सर दगा देतो. पोटाखाली सम्प गार्ड हवाच, पण त्याला ऑइल काढायचं भोक आणि हवा खेळायला जागा ठेवा, नाहीतर इंजिन वाचवायला लावलेला पत्राच इंजिन तापवेल. सायलेन्सरही नीट वर बांधा. ऑस्टिन-हीली ३००० च्या फॅक्टरी रॅली गाड्यांत तर एक्झॉस्ट बाजूनेच बाहेर काढलेला असायचा, कारण खाली इतकी कमी जागा होती की मागून नेला असता तर तो रस्त्यावरच राहिला असता.

सस्पेन्शनचं थोडक्यात. गाडी खाली बसवू नका, उलट थोडी उचला. चांगले शॉकअप, शाबूत बंप स्टॉप (मोठ्या धक्क्यात सस्पेन्शन आपटू न देणारी रबरं), मागच्या पाट्यांना नव्या क्लिपा, आणि टायर उंच बाजूचे, म्हणजे खड्ड्यात रिम वाचते. तारेच्या आऱ्यांची चाकं देखणी खरी पण खराब रस्त्यावर आरे सैल होतात, रॅलीपुरती पोलादी किंवा त्या काळच्या धाटणीची मिश्रधातूची चाकं घाला.

आता गादी. इथे जरा निवांत बसू.

रेसिंगची मान्यताप्राप्त बकेट सीट घेतली असेल तर तिचं कापड उसवून आपल्या आवडीचं लावायचा विचार सोडून द्या. सीटची मान्यता सीट जशी बनली तशी असते, फोम बदलला, कापड बदललं की तपासनीस बोट ठेवू शकतो. बनवणाऱ्याकडूनच दुसऱ्या कापडात मागवा. रेग्युलॅरिटीत मूळ सीट चालत असेल तर मात्र मोकळं रान आहे, आणि खरा विचार तिथेच लागतो. साठच्या दशकातल्या बऱ्याच सीटांना डोक्यामागे आधार नसतो, मागून धडक बसली तर मानेचं काय ते विचारूच नका, त्यामुळे त्या काळच्या घाटाची पण उंच पाठीची सीट मिळाली तर ती आधी बघा.

लेदर दिसतं झकास, वास झकास, पण वळणावर घसरतं. तुम्ही स्टिअरिंगला लोंबकळून स्वतःला सावरत बसता आणि दुपारपर्यंत खांदे भरून येतात. उन्हात तापतं, भिजून वाळलं की ताठरतं. रेक्झिन पुसलं की स्वच्छ, पाणी पीत नाही, आणि कितीतरी जुन्या गाड्यांत मुळात तेच होतं म्हणून जुन्या रूपाला शोभतं, पण दोन तासांत पाठ घामाने चिकटते. बारीक भोकांचं रेक्झिन मधल्या भागाला घेतलं तर थोडा फरक पडतो. कापड माणसाला धरून ठेवतं, कॉर्डरॉय तर फारच छान धरतं, आणि पोर्शेने साठच्या दशकात ९११ मध्ये काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं पेपिटा कापड दिलंच होतं की, म्हणजे कापड म्हणजे स्वस्तातलं असं काही नाही. पण कापड भिजतं आणि लवकर वाळत नाही.

माझं मत विचाराल तर मिश्र करा. पाठ आणि बुड टेकतं त्या मधल्या भागाला लोकरमिश्रित कापड किंवा कॉर्डरॉय, आणि बाजूच्या उंच कडांना रेक्झिन किंवा लेदर. कारण दाराकडची कड दर वेळी चढताउतरताना घासते, कापड तिथे एका मोसमात विरतं. लोकर सहजी पेट घेत नाही, उलट स्वस्त नायलॉन-पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं. कापड घेताना ते एफएमव्हीएसएस ३०२ या अमेरिकी ज्वलनाच्या चाचणीत बसतं का ते विचारा, त्यात आग मिनिटाला १०२ मिमीपेक्षा जास्त वेगाने पसरता कामा नये. ही साध्या गाड्यांसाठीची किमान अट आहे, तेवढीही न पाळणारं पडद्याचं कापड सीटवर घालू नका, कितीही सुंदर दिसलं तरी.

फोमवर कुणी लक्ष देत नाही. दुकानात दाबून मऊ लागला की माणूस खूश, आणि रॅलीत तोच मऊ फोम दबत दबत तुम्हाला खाली बसवतो, आणि धडकेत तो चेपला की पट्टा तेवढा सैल पडतो. खाली घट्ट फोम आणि वर बोटभर मऊ थर असं करा. त्याआधी सीट उलटी करून खालचे रबरी पट्टे बघा, जुन्या गाड्यांत ते लोंबलेले असतात आणि लोक वर फोमवर फोम चढवत बसतात. काथ्या, गोणपाट जे काही आत निघेल ते फेकून द्या, त्यात ओल आणि उंदीर दोन्ही राहतात.

शिवणीला बाँडेड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा, सुती दोरा ओलीने कुजतो. आणि मांडीखाली जाडजूड गोट नको. दाखवायला छान, पण सहा तासांनी तोच गोट मांडीत रुततो आणि मग नेव्हिगेटर चुळबुळ करत बसतो, आणि चुळबुळणारा नेव्हिगेटर वळण चुकवतो.

डॅशबोर्डचा वरचा भाग काळा आणि मॅट हवा. चकचकीत रेक्झिन लावलं, वर पॉलिश मारलं की त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरून ऊन आलं की रस्ताच दिसत नाही. डोअर पॅडच्या आत बहुधा हार्डबोर्ड असतो, पाणी पिऊन पापडासारखा फुगतो, त्याजागी पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा कापून त्यावर रेक्झिन ओढा आणि मागे प्लास्टिकचा कागद लावायला विसरू नका. नकाशाचा खिसा तिथेच शिवून घ्या, तोंडाला इलॅस्टिक घालून.

कार्पेट चिकटवू नका. टिचबटणं लावा किंवा वेल्क्रो, म्हणजे एका झटक्यात निघेल. खाली नमदा घालायचा मोह होईल, तो पाणी धरतो आणि वरून कळतही नाही. टाचेखाली नक्षीच्या अॅल्युमिनियमची पट्टी, नेव्हिगेटरला दोन्ही पाय रोवायला तिरकी फळी, आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर चंदेरी उष्णतारोधक थर, नाहीतर पोटऱ्या भाजतात. छताचं कापड ओढण्याआधी नकाशाच्या दिव्याची वायर आतून नेऊन ठेवा. मी नंतर नेली, त्याचा फुगा आजही छताला आहे.

मूळ सीटा आणि पॅड विकू नका, सुती चादरीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर बुरशी येते.

नेव्हिगेटरच्या बाजूला ट्रिपमीटर (अंतर बारकाईने मोजणारं यंत्र), मान वाकवता येणारा दिवा, दोन घड्याळं आणि पेन्सिल दोरीला बांधून. ५० च्या सरासरीला एका किलोमीटरला ७२ सेकंद लागतात, ४५ ला ८०, ४० ला ९०. ट्रिपमीटर एक टक्का चुकला तर दहा किलोमीटरमध्ये १०० मीटर, म्हणजे ५० च्या वेगाला सात सेकंदांहून जास्त घालवलेत. म्हणून मोजलेल्या अंतरावर जुळवताना गाडीत दोघं बसलेले, टायर गरम आणि हवा ठरलेली असू द्या, आणि टायर बदलले की पुन्हा जुळवा.

गादी पूर्ण व्हायच्या आधी नुसत्या सीटा टाकून गाडी चारपाचशे किलोमीटर पळवा, निम्मं अंतर रात्री, सगळे दिवे आणि वायपर चालू ठेवून. प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे कुठला फिरला ते लगेच दिसतं. पट्टे करकचून बांधून दोघांनीही किल स्विच आणि आग विझवायची बाटली हाताला लागते का बघा, ड्रायव्हरला लागते आणि नेव्हिगेटरला नाही असं हमखास होतं. सुट्या भागांत फॅन बेल्ट, रोटर, पेट्रोल पंप, पाइप, क्लच सिलिंडरची रबरं, एक पान्ह्यांची गुंडाळी, तार, टेप आणि अंगाच्या साबणाची वडी. टाकी दगडाने फुटली तर साबण मळून चिरेत दाबला की पुढच्या थांब्यापर्यंत गळती थांबते, हे खरंच चालतं.

हे सगळं निस्तरल्यावर मग शिवणाऱ्याकडे जा आणि गादी पूर्ण करा. त्यानंतर रॅलीपर्यंत गाडीला नवीन काही लावू नका. फक्त एकदा भर पावसात तासभर फिरवून आणा, आल्यावर टिचबटणं सोडून कार्पेट उचला आणि पायाशी, सीटमागे, कोपऱ्यात हात फिरवा. ओलं लागलं तर खडूने खूण करा आणि दाराची रबरं, काचेचं रबर, पत्र्यातली भोकं पुन्हा एकदा बघा.